कढीपत्ता बाहेर ठेवू की नको? वेदर डॉट जीओव्हीचा रिव्ह्यू

शिकागोच्या आसपास राहणाऱ्या बहुतेक मराठी घरांत कुंडीतला एक कढीपत्ता असतो, आणि तो ऑक्टोबर ते मे खिडकीशी बसून घरच्या माणसासारखा लाड करून घेतो. हा रिव्ह्यू खरं म्हणजे त्याच्यामुळेच लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलच्या मध्यात चार दिवस मस्त ऊन पडलं, फोनमधल्या एका फुकट अ‍ॅपवर (नाव नाही घेत) पुढे दहा दिवस नुसते पिवळे सूर्य, म्हणून मी कुंडी डेकवर नेऊन ठेवली आणि विसरलो. पाचव्या रात्री फ्रॉस्ट पडला. सकाळी पानं काळीठिक्कर. सहा वर्षांचं झाड होतं हो, बायको दोन दिवस बोलली नाही आणि पोह्यांच्या फोडणीच्या वेळी टोमणा अजून येतो. तेव्हापासून ते अ‍ॅप डिलीट आणि आमच्या घरात नॅशनल वेदर सर्व्हिसची साइट, म्हणजेच वेदर डॉट जीओव्ही.

नॅशनल वेदर सर्व्हिस म्हणजे इथलं सरकारी हवामान खातं, १८७० मध्ये लष्कराच्या सिग्नल खात्यात सुरू झालेलं. फुकट, एक जाहिरात नाही, लॉगिन नाही. झिप कोड (आपला पिनकोड) टाकायचा, मग नकाशावर आपल्या घरावर क्लिक करायचं, तर साधारण अडीच किलोमीटरच्या चौकोनाचा अंदाज मिळतो. शिकागोत हे लय महत्त्वाचं आहे कारण इथे वसंत ऋतू एक नाही दोन असतात, एक तळ्याकाठचा आणि एक तळ्यापासून लांब आत, आमच्या नेपरव्हिल उपनगराचा. एप्रिलमध्ये लेक मिशिगनचं पाणी अजून बर्फासारखं गार असतं, वारा ईशान्येकडून फिरला की तळ्याकाठी पारा धाडकन खाली. मी एकदा घरून ७० फॅरनहाइटमध्ये (२१ सेल्सिअस) टी-शर्टवर मेट्रा (इथली लोकल ट्रेन) पकडली आणि शिकागोत उतरून तळ्याकाठच्या नेव्ही पिअरजवळ चालताना ४८, म्हणजे आपलं ९ सेल्सिअस. दात वाजत होते. 'कूलर निअर द लेक' हे इथल्या अंदाजातलं वाक्य म्हणजे नुसती सवयीने जोडलेली शेपटी वाटायची मला, त्या दिवशी कळलं.

आता मेन गोष्ट, लांबचा अंदाज. हा देतं त्यांचंच क्लायमेट प्रेडिक्शन सेंटर, मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कमधून. ६ ते १० दिवसांचा, ८ ते १४ दिवसांचा रोज येतो, आणि महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी पुढच्या महिन्याचा आणि पुढच्या तीन-तीन महिन्यांचा. नकाशावर तापमानाला निळं म्हणजे थंड, केशरी म्हणजे गरम, पावसाला हिरवं म्हणजे जास्त आणि तपकिरी म्हणजे कमी. इथेच सगळे गंडतात. दर वर्षी आमच्या पिकनिकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी निळ्या नकाशाचा स्क्रीनशॉट टाकतं, 'एप्रिल थंड आणि पावसाळी, ४० टक्के!!' आणि लगेच हॉल बुक करायची चर्चा सुरू.

अरे बाबांनो, ते ४० शंभरातले ४० असले तरी मुळात ३३ पासून मोजायचे असतात. नेहमीपेक्षा थंड, नेहमीसारखं, नेहमीपेक्षा गरम असे तीन भाग, काहीच इशारा नसला तर प्रत्येकाला ३३ टक्के. थंडीचे ४० झाले तर मधले ३३ तसेच राहतात आणि गरमचे साधारण २७ उरतात, म्हणजे गरमची शक्यता संपलेली नाहीच. आणि हे 'नेहमी' म्हणजे १९९१ ते २०२० ची सरासरी. आपल्याकडचं हवामान खातंसुद्धा उन्हाळ्याचा अंदाज असाच सरासरीपेक्षा जास्त की कमी म्हणून देतं, पण तिथेही बातमीत येईपर्यंत त्याचं 'यंदा होरपळ' झालेलं असतं. या नकाशावरून पिकनिकची तारीख ठरवू नका. त्यावरून फक्त एवढं ठरवायचं की टोमॅटोची रोपं लावायची घाई करायची का. (करायची नाही. इथली जाणती मंडळी मदर्स डेपर्यंत थांबतात.)

पिकनिकसाठी दोन-तीन दिवस आधी अवरली ग्राफ बघा, तासातासाचं तापमान, वारा, पावसाची शक्यता, सगळं एका चित्रात. त्यात ३० टक्के पाऊस म्हणजे तीस टक्के वेळ पाऊस नाही बरं का, आणि तीस टक्के गावात पण नाही, तुमच्या जागी एक शतांश इंच तरी पाऊस पडायची शक्यता दहात तीन. सतरंजी न्या, छत्री गाडीत ठेवा, बास.

माझा सगळ्यात आवडता भाग म्हणजे फोरकास्ट डिस्कशन. शिकागोचा अंदाज रोमिओव्हिलच्या ऑफिसातून निघतो, आणि ड्युटीवरचा हवामानतज्ज्ञ चक्क लिहितो की अंदाजाची दोन कॉम्प्युटर मॉडेलं भांडतायत, पाऊस आमच्यावर येईल की दक्षिणेला जाईल याची खात्री नाही. पिवळा सूर्य असं कधी कबूल करतो का? २०१६ पर्यंत हे सगळं कॅपिटल अक्षरांत असायचं, वाचताना कोणी ओरडतंय असं वाटायचं म्हणतात, आता नॉर्मल आहे. भाषा थोडी बोजड, पण आठवड्याभरात सवय होते.

तक्रारी: साइट दिसायला जुनाट, त्यांचं स्वतःचं अ‍ॅप नाही, त्यामुळे फोनवर बुकमार्क करून ठेवावं लागतं, आणि फॅरनहाइट डोक्यात बसायला मला दोन हिवाळे लागले. साडेचार स्टार.

सध्या आई आलीय नाशिकहून. "चैत्रात स्वेटर घालायला लावणारा देश हा," म्हणते, पण रोज सकाळी चहाबरोबर पहिला प्रश्न तिचाच असतो, "काय म्हणतायत रे तुझे रोमिओव्हिलवाले?" आज रात्री ३८ फॅरनहाइट (३ सेल्सिअस) म्हणतायत. नवा कढीपत्ता गॅरेजमध्ये आहे, आईनेच उचलून आत नेला, मला विचारलंपण नाही.