रोबोट व्हॅक्यूम चार्ज होत नव्हता, दुरुस्तीवाल्याने चांगली बॅटरीच काढून नेली

सर्चमध्ये कंपनीचं नाव आणि पुढे ‘कस्टमर केअर मुंबई’ असं टाकल्यावर जो पहिला नंबर येतो, तो फिरवू नका. पुढचं सगळं वाचायला वेळ नसेल तरी एवढं ध्यानात ठेवा. माझे सहा हजारांच्या आसपास रुपये गेले. पण पैशांपेक्षा जास्त संताप याचा आहे की आमच्या यंत्रातली धडधाकट बॅटरी काढून त्यात भंगारातल्या सेलची बॅटरी बसवून दिली, आणि ती आईच्या खोलीत, तिच्या पलंगाशेजारी रात्रभर चार्जिंगला लावलेली असायची.

आम्ही प्रभादेवीला राहतो. आईचे दोन्ही गुडघे दुखतात, वाकून केर काढणं बंद झालं, म्हणून भावाने हा रोबोट घेऊन दिला. पावसाळ्यात एक दिवस तो चार्ज होईना. डॉकवरचा, म्हणजे तो चार्जिंगसाठी ज्यावर जाऊन बसतो त्या बैठकीवरचा, दिवा लागलेला, यंत्र आपलं आपण जाऊन डॉकवर बसायचं, ‘चार्जिंग सुरू’ असं बोलायचं आणि थोड्या वेळाने गप्प. सकाळी बटण दाबावं तर काहीच हालचाल नाही. वॉरंटी नुकतीच संपली होती.

सर्चमध्ये सगळ्यात वर जो नंबर दिसला त्याच्याशेजारी कंपनीचा लोगो होता. फोन लावला तर आधी कंपनीच्या नावाने स्वागताची ध्वनिफीत, मग एक बाई. तिने मॉडेल विचारलं, पत्ता घेतला आणि ‘व्हिजिट चार्ज’ म्हणून ४९९ रुपये यूपीआयने आधी भरायला सांगितले. त्याच संध्याकाळी एक मुलगा आला. कंपनीच्या नावाचा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, पाठीवर सॅक, बोलायला अतिशय अदबशीर. आईला वाकून नमस्कार केला, ‘आजी, तुम्ही काळजी करू नका’ म्हणाला. वॉचमनच्या वहीत त्याने नाव-नंबरही लिहिला होता. नंतर पाहिलं तर त्यातला एक आकडा कमी होता.

आता त्याने काय केलं ते नीट सांगते, कारण हीच युक्ती तुमच्या घरीही होऊ शकते. त्याने रोबोट उलटा करून टेबलावर ठेवला. खालच्या बाजूला चार्जिंगसाठी धातूच्या दोन छोट्या पट्ट्या असतात. मल्टिमीटरच्या, म्हणजे वीज मोजायच्या मीटरच्या, लाल-काळ्या तारा त्याने त्या पट्ट्यांना लावल्या आणि पडदा माझ्याकडे फिरवला. शून्य. ‘मॅडम, बघा, करंटच नाही. मदरबोर्ड गेलाय, बॅटरीपण बसली असणार.’ डोळ्यांनी शून्य दिसत असताना माणूस काय बोलणार?

तो शून्य मुळात दोषाचा नव्हताच. बहुतेक रोबोटमध्ये त्या पट्ट्या उघड्या असल्यामुळे आतून उलट वीज बाहेर येणार नाही अशी सोय केलेली असते. नाहीतर फरशीवरच्या एखाद्या टाचणीने किंवा ओल्या पायपुसण्याने दोन्ही पट्ट्या जोडल्या जाऊन शॉर्ट झालं असतं. म्हणजे चांगल्या, चालू यंत्रावरही तिथे मीटर लावलं तरी शून्यच दिसू शकतं. वीज येते ती डॉककडून यंत्राकडे. त्यामुळे आधी तपासायचं ते अ‍ॅडॉप्टर आणि डॉक. आणि तो मुलगा पूर्ण वेळ डॉककडे वळलासुद्धा नाही. प्लग काढून पाहिला नाही, अ‍ॅडॉप्टर हातात घेतला नाही. ज्या माणसाला यंत्र चार्ज का होत नाही हे खरंच शोधायचं आहे तो डॉकपासून सुरुवात करतो. ही एकच खूण मला आज सगळ्यात मोठी वाटते.

‘वर्कशॉपला न्यावं लागेल’ म्हणून एका साध्या चिठ्ठीवर सही घेऊन तो यंत्र घेऊन गेला. डॉक इथेच ठेवला. दुसऱ्या दिवशी फोन: बोर्ड आणि बॅटरी दोन्ही बदलावी लागणार, ७,२०० रुपये. घासाघीस करून ५,५०० वर आला. परत आणून दिलं तेव्हा स्वतः डॉकवर ठेवून दाखवलं, दिवा लुकलुकायला लागला, आई खूश झाली. पैसे ज्या खात्यात गेले ते एका व्यक्तीच्या नावाचं होतं. विचारल्यावर ‘आमचे अकाउंटवाले सर’ असं उत्तर मिळालं. छापील बिलावर जीएसटी क्रमांक होता, म्हणून मी पुढे काही बोलले नाही. तो क्रमांक नंतर मोजला तर १३ अक्षरांचा निघाला. खरा जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने होते. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की कुणाच्या नावावर आहे ते लगेच दिसतं, त्यासाठी लॉगिनही लागत नाही.

थोडे दिवस यंत्र चाललं. मग हॉल अर्धा झाला की थांबायला लागलं. पूर्वी दोन खोल्या, स्वयंपाकघर, सगळं करून परत डॉकवर जायचं. त्या नंबरवर फोन लागेना. मग यंत्राच्या अ‍ॅपमधून कंपनीच्या खऱ्या मदत विभागाला लिहिलं, यंत्राच्या तळावरचा सिरियल नंबर दिला. उत्तर आलं की या सिरियल नंबरवर कुठलीही तक्रार नोंदलेलीच नाही आणि तो फोन नंबर त्यांचा नाही.

शेवटी भावाच्या एका मित्राने लॅमिंग्टन रोडवर ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं. मधल्या वयाचे गृहस्थ, बोलणं कमी. त्यांनी बॅटरीचं झाकण उघडलं आणि बॅटरी न काढताच म्हणाले, ‘ताई, ही कंपनीची नाही.’

ती बॅटरी मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. या रोबोटमध्ये साधारण १४.४ व्होल्टची लिथियम-आयन बॅटरी असते: ३.६ व्होल्टचे सेल चाराच्या ओळीत जोडलेले, जास्त क्षमतेच्या बॅटरीत प्रत्येक जागी दोन-दोन. आमच्या खोक्यावर ५,२०० एमएएच (बॅटरीची क्षमता) लिहिलेलं आहे, म्हणजे जास्त क्षमतेची, आठ सेलची. यात चारच होते. वरती निळं प्लास्टिक, त्याला पिवळी टेप हाताने गुंडाळलेली, क्षमतेचं लेबल नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा बॅटरीवर भारतीय मानक ब्यूरोची खूण, आयएस १६०४६ हा मानकाचा क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. त्यातलं काहीच नव्हतं. त्यांनी प्लास्टिक थोडं कापून सेलचं टोक दाखवलं. तिथे वेल्डिंगच्या ठिपक्यांच्या दोन जोड्या होत्या, एक ताजी चकचकीत आणि तिच्याखाली आधीची खरवडून काढलेली. म्हणजे सेल दुसऱ्या कुठल्यातरी बॅटरीतून उपटून काढलेले. ‘बोर्ड बदललाच नाही,’ ते म्हणाले. बोर्डाच्या स्क्रूंवर पेचकसाचा एक ओरखडाही नव्हता, आणि कडेला कंपनीने लावलेलं छोटं स्टिकर जसंच्या तसं होतं.

मग मूळ बिघाड काय होता? त्यांनी डॉकही आणायला सांगितला होता. डॉकवरच्या दोन स्प्रिंगच्या पट्ट्यांवर हिरवट-काळा थर होता. समुद्राजवळ राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, खाऱ्या हवेने आणि पावसाळ्यातल्या दमटपणाने आमच्याकडे कड्या-कोयंडेसुद्धा टिकत नाहीत. त्यात आमचा रोबोट पुसायचं कामही करतो, ओलं फडकं घेऊनच डॉकवर येऊन बसायचा. त्यांनी खोडरबराने पट्ट्या घासल्या, कापसावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसल्या. चार्जिंग सुरू. त्या मुलानेही आमच्याकडे दाखवताना, यंत्र ठेवण्याआधी पट्ट्यांवरून रुमाल फिरवला होता. तेव्हा ते सहज धूळ पुसल्यासारखं वाटलं. त्याला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं.

म्हणून कुणालाही घरी बोलवण्याआधी एवढं स्वतः करून बघा. डॉकचा प्लग भिंतीतल्या दुसऱ्या सॉकेटमध्ये लावा, एक्स्टेन्शन बोर्ड मधून काढा. अ‍ॅडॉप्टर मूळचाच आहे ना, की सफाईत दुसऱ्या कशाचा लागलाय, ते त्यावरचे व्होल्ट वाचून पाहा. मग प्लग काढून डॉकच्या आणि रोबोटच्या पट्ट्या कोरड्या फडक्याने आणि खोडरबराने स्वच्छ करा. पाणी लावू नका. काही मॉडेलमध्ये कडेला मुख्य बटण असतं, ते बंद असेल तर चार्जिंगच होत नाही. आईच्या मैत्रिणीकडे नेमकं हेच झालं होतं. आता रोबोट हाताने उचलून डॉकवर नीट बसवा. हाताने बसवल्यावर चार्ज होतो आणि स्वतः गेल्यावर होत नाही, तर बॅटरीचा काही दोष नाही. डॉक इन्फ्रारेड किरणांनी रोबोटला बोलावतो, त्याची काळी काच धुळीने माखली असेल, डॉकच्या आजूबाजूला सोफा-शूरॅकची गर्दी असेल किंवा डॉक गालिच्यावर असेल तर रोबोट तिरका बसतो आणि पट्ट्या टेकत नाहीत. चाकांत गुंतलेले केस काढा, त्यानेही तो पूर्ण चढत नाही. गावाला जाऊन आल्यावर बॅटरी पार उतरली असेल तर काही तास डॉकवर तसाच राहू द्या, लगेच दिवा लागला नाही म्हणून घाबरू नका. नुकतंच काम करून गरम झालेला रोबोटही थंड झाल्याशिवाय चार्ज घेत नाही.

एवढं करूनही नाही झालं तर नंबर खोक्यावरून, माहितीपुस्तिकेतून किंवा यंत्राच्या अ‍ॅपमधून घ्या. यंत्र घराबाहेर जाणार असेल तर आधी बॅटरीच्या लेबलचा आणि सिरियल नंबरचा फोटो काढा. बॅटरीचं झाकण बहुतेक यंत्रांत दोन-चार स्क्रूंचं असतं, घरच्या पेचकसाने उघडतं. बदललेला जुना भाग परत मागा. खरा माणूस देतो, किंवा का देता येत नाही ते पावतीवर लिहितो.

आमच्या सोसायटीतच एका काकांना वॉशिंग मशीनसाठी अशाच नंबरवरून वेगळा अनुभव आला. त्यांना पाच रुपयांच्या नोंदणीसाठी फोनवर एक अ‍ॅप घ्यायला लावलं, ज्याने आपला पडदा समोरच्याला दिसतो, आणि मग ‘रिफंड घ्यायला’ पिन टाका म्हणाले. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, तो द्यायला लागतो. त्यांच्या मुलीने वेळेत फोन हिसकावून घेतला.

मी १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार केली, पोचक्रमांक मिळाला. पैसे मीच पिन टाकून पाठवले असल्यामुळे बँकेकडून काही होणार नाही असं सांगितलं गेलं. ग्राहक आयोगात जायचं तर समोरच्याचं खरं नाव-पत्ता लागतो, आणि तोच तर नाही. पण ज्यांचा वाद खऱ्या सर्व्हिस सेंटरशी आहे त्यांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर जरूर फोन करावा. माझ्यासारखं झालं असेल तर १९३० ला जितक्या लवकर फोन कराल तितकी पैसे मध्येच अडवले जाण्याची शक्यता जास्त. यूपीआय व्यवहार क्रमांक, बिलाचा फोटो आणि कॉलची यादी हाताशी ठेवा.

बनावट बॅटरी मी पुरावा म्हणून धातूच्या डब्यात, गॅलरीत ठेवली आहे. नवी घेतली ती लेबल वाचून. तोच फोन नंबर परवा मला दुसऱ्या एका कंपनीच्या नावाने वॉटर प्युरिफायरच्या सेवेसाठी दिसला, तोही नकाशावर, दादरच्या एका पत्त्यासह. त्या पत्त्यावर शिंप्याचं दुकान आहे. मी ती नोंद खोटी म्हणून कळवली, तिथेच ‘तक्रार नोंदवा’ असा पर्याय असतो. एकट्या माणसाने कळवून ती नोंद लवकर निघत नाही असं दिसतंय. तुम्हाला अशी नोंद दिसली तर तुम्हीही कळवा, आणि घरातल्या ज्येष्ठांच्या फोनमध्ये यंत्रांचे खरे नंबर आजच सेव्ह करून द्या.