पोचा आलेली टाकी: स्प्रेचा डबा, पेंटर की दुसरी टाकी?

गाडी घसरली की हँडल पूर्ण वळतं आणि टाकीवर आदळतं. लीव्हर, आरसा, इंडिकेटर दुसऱ्या दिवशी बदलून होतात. टाकीवरचा पोचा आणि खरवडलेला रंग मात्र तसाच राहतो, आणि गाडीवर बसताना रोज पहिली नजर तिथेच जाते. शोरूममध्ये विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘नवीन टाकी टाका.’ मित्र म्हणतो, ‘तीनशेचा स्प्रे आण, घरीच मार.’ कोपऱ्यावरचा पेंटर म्हणतो, ‘ठेवून जा, चार दिवसांनी या.’ तिघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात; तुमच्या टाकीपुरतं कोण बरोबर ते ठरवायचंय. खालचे दर पुणे-कोल्हापूरकडच्या १००-१५० सीसीच्या साध्या गाडीचे आणि ढोबळ आहेत. गाव, गाडी आणि ओळख यांप्रमाणे ते हलणारच.

आधी टाकी नीट बघा

एक लोहचुंबक घ्या आणि टाकीला लावा. चिकटला नाही तर तुम्ही ज्याला टाकी समजताय ते वरचं प्लॅस्टिकचं कव्हर आहे आणि खरी टाकी आत आहे. असं असेल तर फार विचार करू नका. कव्हर सुटं मिळतं, चार-सहा स्क्रूत बदलतं. प्लॅस्टिकवर रंग टिकवायचा तर त्याचा वेगळा प्रायमर लागतो आणि त्या खटाटोपात नव्या कव्हरइतकेच पैसे जाऊ शकतात.

पत्र्याची टाकी असेल तर खालची जोडाची शिवण कोरड्या फडक्याने पुसून गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी तिथे ओल किंवा डाग दिसला, तर रंगाचा विषय तिथेच थांबतो. झिरपणाऱ्या टाकीवर कितीही भारी रंग मारा, त्याला फोड येणार. बाहेरून एम-सील थापणं म्हणजे घरी पोहोचेपर्यंतची सोय. मग झाकण उघडून टॉर्चने आत बघा. (हे करताना जवळ बिडी-काडी नको, सांगायला नकोच.) तळाशी तपकिरी पापुद्रे दिसत असतील तर टाकी आतून गंजतेय. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून याकडे जास्तच लक्ष हवं, कारण इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला त्याचा त्रास अधिक.

राहिला पोचा. बोट फिरवून खोली बघा. नुसता ओरखडा किंवा उथळ खळगा असेल तर सगळे पर्याय खुले आहेत. पत्र्याला धारदार घडी पडली असेल तर घरचं काम विसरा.

सगळं अडतं ते पेट्रोलपाशी

दरवाजाचा, कपाटाचा, अगदी मडगार्डचा रंगही पेट्रोल पीत नाही. टाकीचा पितो. पंपावर नोझल बाहेर काढताना चार थेंब सांडतातच आणि ते झाकणाभोवती साचतात. बाजारातल्या साध्या स्प्रेच्या डब्यातला रंग आणि क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) हे केवळ द्रावक, म्हणजे रंग विरघळवणारा द्रव, उडून गेल्याने वाळतात. पुन्हा द्रावक मिळाला की ते पुन्हा मऊ पडतात, आणि पेट्रोल हा उत्तम द्रावक आहे. त्यात इथेनॉल मिसळलं की आणखीच. गाड्यांना मारायचा जुन्या पद्धतीचा ड्युको रंगही याच जातीचा. याउलट पीयू (पॉलियुरेथेन) किंवा ‘टू-के’ म्हणतात त्या रंगात हार्डनर, म्हणजे तो कडक करणारं रसायन, मिसळावं लागतं. असा रंग रासायनिक क्रियेने पक्का होतो आणि एकदा झाला की पेट्रोलला दाद देत नाही.

दोन्ही रंग पहिल्या दिवशी सारखेच चकाकतात. म्हणून ‘बघ, काय शाइन आहे’ या वाक्याला काही किंमत नाही. पर्यायांची तुलना करताना चकाकी आणि दर बाजूला ठेवा आणि वरच्या थरात हार्डनर आहे का ते आधी विचारा.

घरी स्प्रे मारणं

हिशोब असा: प्रायमरचा एक डबा, रंगाचे दोन, क्लिअरचा एक, प्रत्येकी साधारण २०० ते ३५० रुपये. पॉलिएस्टर पुट्टीचं छोटं पाकीट, १२० ते १००० नंबरपर्यंतचे घासायचे पेपर, मास्किंग टेप, थिनर. बाराशे ते पंधराशेत सामान येतं. इथे बरेचजण थांबतात आणि पेंटरपेक्षा स्वस्त पडलं म्हणून खूश होतात. पण त्या क्लिअरमध्ये हार्डनर नाही. डब्याच्या तळाची कळ दाबून आतला हार्डनर फोडायचा, असे टू-के क्लिअरचे डबे ऑनलाइन मिळतात, पण तो एकच डबा हजाराच्या आसपास किंवा वर जातो. कळ दाबली की तो काही तासांपासून एखाद-दोन दिवसांत संपवावा लागतो, उरलेला पुढच्या वेळी कामाला येत नाही. म्हणजे पेट्रोलला टिकणारं काम घरी करायचं तर खर्च दोन-सव्वादोन हजारांवर गेला आणि तुमचे दोन रविवार वेगळेच.

तरीही मी हा पर्याय बाद करणार नाही. गाडी काळी असेल, डाग झाकणापासून लांब खाली कुशीला असेल, आणि तुम्हाला फक्त उघडा पत्रा गंजू द्यायचा नसेल, तर साधा डबा पुरतो. मेटॅलिक रंग असेल तर हात लावू नका. मेटॅलिकमधले चमकीचे कण कसे बसतात ते फवाऱ्याच्या दाबावर आणि अंतरावर ठरतं. त्यामुळे तोच शेड कोड वापरूनही ठिगळ उन्हात वेगळं दिसतं.

करायचंच तर घाई करू नका. डबा वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून मारायचा, हात सतत चालता ठेवायचा, एका जाड हाताऐवजी तीन-चार पातळ हात, आणि दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं. जाड मारला की ओघळ येतो, आणि ओघळ घासायचा म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. पावसाळ्यात तर नकोच. हवेत दमटपणा असला की वाळताना रंगावर पांढुरकी झाक येते. कोकणात राहणाऱ्यांनी दिवाळीनंतरचाच मुहूर्त धरावा. टू-के डब्यात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, त्याच्यासमोर रुमाल किंवा कापडी मास्क काही कामाचा नाही. त्याला चालणारा कार्ट्रिजचा मास्क आणि मोकळी हवा हवी. फ्लॅटच्या बाल्कनीत हा उद्योग करू नये.

पेंटरकडे देणं

एका रंगाच्या टाकीला दीड ते अडीच हजार, मेटॅलिकला अडीच ते चार हजार, असा साधारण दर. कोल्हापुरात उद्यमनगरच्या बाजूला किंवा पुण्यात पेठांमधल्या गॅरेजांत विचारलं तर दुपटीचाही फरक ऐकू येतो आणि गिऱ्हाईक गोंधळतं. हा फरक बहुधा तीन जागी असतो.

पहिली जागा पुट्टी. खळगा भरायची ती पॉलिएस्टर पुट्टी. तीही हार्डनर घालूनच वापरतात आणि ती दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नसावी. त्यावर बारीक छिद्रं बुजवायला एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टीचा पातळ हात देतात. स्वस्त कामात पोचा ओढून वर काढायचे कष्ट वाचवून सगळा खळगा एनसी पुट्टीनेच लिंपतात. ती वाळताना आक्रसते. दोन-तीन महिन्यांनी, गाडी उन्हात तापून निवल्यावर, खळग्याची कड पुन्हा रंगातून वर दिसू लागते, नाहीतर तडा जातो. तुम्ही घ्यायला जाता त्या दिवशी हे ओळखायचा काही मार्ग नाही. म्हणून पुट्टी घासून झाली की एकदा चक्कर मारून बघा. चांगला पेंटर याला नाराज होत नाही.

दुसरी जागा वरचा थर: ड्युको की पीयू. पीयूचा माल महाग, हार्डनर मिसळला की काही तासांत वापरावा लागतो, आणि एवढ्याशा टाकीसाठी मिसळलेला माल वाया जातो. त्यामुळे छोटी गॅरेजं टाळाटाळ करतात. यावर सोपा उपाय असा की त्यांच्याकडे मोठ्या गाडीचं काम असेल त्या दिवशी तुमची टाकी लावायची. ‘घाई नाही, पीयू क्लिअर मारायचा त्या दिवशी मारा’ म्हटलं की दरही खाली येतो. खात्री हवी असेल तर त्यांनी आधी रंगवलेला आणि पुरता वाळलेला एखादा तुकडा मागा आणि पेट्रोलने भिजवलेलं फडकं त्यावर अर्धा मिनिट घासा. रंग फडक्याला लागला किंवा बोटाला चिकट वाटला, तर नमस्कार करून निघा.

तिसरी जागा मजुरी, आणि तिथे खरी बचत आहे. टाकी सोडवणं, स्टिकर काढणं, जुना रंग २२० आणि मग ४०० नंबरने घासून मंद करणं ही कामं तुम्ही घरी करू शकता. पेंटरकडे गाडी नेण्याऐवजी फक्त टाकी न्या. त्याचा दिवस वाचतो, तुमचे चार-पाचशे वाचतात. फक्त पुट्टीला हात लावू नका. नवशिक्याने भरलेली पुट्टी काढून पुन्हा भरायचे तो जास्तच लावेल.

स्टिकरचं आधी बघून ठेवा. पुष्कळ गाड्यांचे स्टिकर क्लिअरच्या खाली असतात, ते रंगाबरोबर जातात. कंपनीचे ग्राफिक्स पार्ट नंबरवर मिळतात का याची चौकशी रंग द्यायच्या आधी करा. पुण्यात नाना पेठेत बऱ्याच चालू मॉडेलांचे मिळतात, बंद झालेल्यांचं नशिबावर.

आणि एक गोष्ट दोन्ही पर्यायांना लागू आहे. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोकादायक असते. पेट्रोलची वाफ हवेत दीड ते साडेसात टक्क्यांच्या आसपास असली की पेटते, आणि रिकाम्या टाकीत नेमकी तेवढी वाफ सहज असते. पोचा ओढायला पत्र्यावर वॉशर वेल्ड करणारे आहेत, झाळणारे आहेत. टाकी आतून नीट धुऊन वाफ पूर्ण घालवल्याशिवाय कोणी ठिणगी जवळ आणत असेल तर टाकी उचलून घरी आणा. उथळ पोच्याला गरम गोंदाने चिकटवून ओढायचं साधन मिळतं, त्यात आग नाही आणि रंग शाबूत असेल तर तो वाचतोही. पण टाकी दुहेरी पत्र्याची आणि आत जायला झाकणाएवढंच भोक, त्यामुळे कारच्या दारासारखा आतून दाब देऊन पोचा निघेल अशी आशा ठेवू नका.

दुसरी टाकी

जुनी टाकी हा पर्याय लोक उगीच शेवटी आठवतात. ज्या मॉडेलच्या गाड्या रस्त्यावर ढिगाने आहेत, त्यांच्या टाक्या भंगारातही ढिगाने आहेत. पुण्याचा जुना बाजार, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा गावातलाच गाड्या मोडणारा. हजार ते अडीच हजारांत चालू मॉडेलची टाकी सापडते. तुमच्याच रंगाची मिळाली तर रंगाचा खर्चच नाही. पोचा खोल असेल किंवा शिवणीतून झिरपत असेल, तर पेंटरला तीन हजार देण्यापेक्षा हे शहाणपणाचं. घेताना आत टॉर्च मारा आणि पाणी भरून तळ बघा. कॉकची जागा, फ्लोटचं भोक आणि झाकणाचं लॉक तुमच्या मॉडेल-वर्षाशी जुळतं का ते बघा. इंजेक्शनवाल्या गाडीची टाकी कार्बोरेटरवालीला बसत नाही, कारण पंपाची जागा वेगळी असते. पावतीही मागा, पावती न देणाऱ्याकडचा माल कुठून आला हे आपल्याला ठाऊक नसतं.

नवी टाकी साध्या गाडीला चार ते आठ हजार, ३५० सीसीच्या घरात दहाच्या वर. बजेटमध्ये ती बसते ती फक्त विम्यामुळे, आणि इथे लोक हिशोब न करता ‘नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जाईल’ म्हणून माघार घेतात. समजा गाडी साडेतीन वर्षांची आहे, टाकी ६,००० ची. धातूच्या भागावर त्या वयाला २५ टक्के घसारा, म्हणजे १,५०० गेले. सक्तीची वजावट १०० रुपये. हाती ४,४०० आले. आता बोनस: सध्या ३५ टक्के असेल तर क्लेम न करता पुढे ४५ आणि मग ५०, क्लेम केला तर शून्य, २०, २५, ३५, ४५ असं पुन्हा चढायचं. पाच वर्षांतला फरक मिळून एका हप्त्याच्या १२० टक्के. स्वतःच्या नुकसानीचा हप्ता १,२०० असेल तर हे सुमारे १,४४० रुपये. म्हणजे क्लेम फायद्याचाच. मात्र दोन हजारांच्या पेंटकामासाठी कागदपत्रं नाचवण्यात अर्थ नाही, आणि नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर प्रश्नच मिटला.

बाकीचे दोन

व्हिनाइल रॅप पाचशे ते दीड हजारांत होतो, ओरखडे झाकतो, पोचा झाकत नाही. उलट चकचकीत फिल्मवर खळगा उठून दिसतो. झाकणाच्या कडेला पेट्रोल लागून तो सुटतो. पावडर कोटिंग मजबूत असतं, पण ते साधारण १८०-२०० अंशांच्या भट्टीत भाजतात आणि पॉलिएस्टर पुट्टी ते सोसत नाही. पोचा असलेल्या टाकीसाठी तो पर्याय नव्हेच.

कोणी काय करावं

काळी किंवा एकाच रंगाची गाडी, ओरखडे आणि उथळ खळगा: टाकी स्वतः सोडवून, घासून पेंटरकडे, वर पीयू क्लिअर. माझा कौल बहुतेकांसाठी हाच. गाडी वर्षभरात विकायचीच असेल तर डब्याने डाग झाका आणि घेणाऱ्याला सांगून विका. मेटॅलिक रंग आणि खोल पोचा: आधी दोन रविवार जुनी टाकी शोधा, मग पेंटर. गाडी नवी आणि पूर्ण विमा: नवी टाकी. रंगच बदलायचा मोह झाला तर आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो हे लक्षात ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मुळे नोंदीशी न जुळणारे बदल आरटीओला विचारल्याशिवाय अडचणीचे ठरतात. त्याच रंगात काम केलं तर काही विचारायला नको.

रंग झाल्यावर पीयू हाताला दुसऱ्या दिवशी कोरडा लागला तरी आतून पक्का व्हायला आठवडाभर जातो. तोवर टाकी काठोकाठ भरू नका, टँक कव्हर चढवू नका. आणि झाकणाखालचं रबर जुनं, कडक झालेलं असेल तर तेही याच वेळी बदला. ब्रेक लागला की पेट्रोल हिंदकळून तिथूनच बाहेर येतं आणि नव्या रंगावर ओघळतं.