नाणेघाट पाहायचा तर घाटघरच्या माणसाबरोबर

आईचं माहेर घाटाखाली, मुरबाड तालुक्यात वैशाखऱ्याजवळ. माझे आजोबा मिरच्या आणायला हाच नाणेघाट चढून जुन्नरच्या बाजाराला जात. आई मात्र कधी वर आली नव्हती. ऑक्टोबरच्या शेवटी तिला घेऊन गेले, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी.

दोन वर्षांपूर्वी मी एका टूरवाल्यांबरोबर पावसाळ्यात आले होते. उलटा धबधबा, फोटो, की परत बसमध्ये. घाटातल्या कोरीव लेण्याला दहा मिनिटं. तेव्हाची हळहळ मनात होती, म्हणून या वेळी घाटावरच्या घाटघर गावातल्याच एका कुटुंबाकडे सांगून ठेवलं. वाटाड्या आणि दुपारचं जेवण, माणशी ४५० रुपये.

वाटाड्या विशीतला मुलगा. त्याने आधी कड्याजवळ उभं केलं. "आजी, हितनं पुढं पडलेला पाऊस तुमच्या माहेरी उतरतो, मागं खाचरात पडलेला कुकडीला जातो." कुकडीचा उगम जवळच, पूर गावात कुकडेश्वरापाशी. तिथून घोड, भीमा, कृष्णा असं करत ते पाणी बंगालच्या उपसागराला मिळतं आणि कड्यावरून खाली गेलेलं अरबी समुद्राला. हे मी शाळेत पाठ केलं होतं, पण कळलं त्या दिवशी. आई पदर सावरून खाली आपलं गाव शोधत बसली. आम्ही कुणी घाई केली नाही.

लेण्याच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. समोरून पाहिलं तर नुसता खडबडीत दगड. पोराने बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून आडवी धरली आणि अक्षरं सावलीसकट उठून आली! यज्ञांत दिलेल्या दानांची ती यादी आहे, एका ठिकाणी १७०० गाई आणि १० हत्ती. मागच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी हे सातवाहन राजे, नागनिका यांच्या मूर्ती होत्या. आता पावलांच्या खुणा उरल्यात आणि वर नावं. भिंतीला हात लावणाऱ्या एका घोळक्याला त्याने ठामपणे मागे सारलं, ते मला फार आवडलं. दगडी रांजणापाशी म्हणाला, "ह्यात जकातीची नाणी टाकत, असं गावात सांगत्यात." लेखात काय आहे आणि गावात काय सांगतात, हे तो वेगवेगळं ठेवतो.

जेवायला तांदळाची भाकरी, पिठलं, खुरासणीची चटणी. चटणी मी दोनदा मागून घेतली. ओसरीवर बाळहिरड्याचं पोतं होतं. काळी, सुरकुतलेली, खडखड वाजणारी फळं. उन्हाळ्यात ती झाडावरून काढून वाळवायची आणि विकायची, इथल्या महादेव कोळी घरांना त्याचाच आधार. घरच्या ताईंनी आईच्या ओंजळीत मूठभर घातली, "खोकल्याला ठेवा."

उणं म्हणाल तर जेवण पाऊण तास उशिरा आलं आणि संडासाची पायरी फार उंच आहे, म्हाताऱ्या माणसाला हात द्यावाच लागतो. गावात रेंज धड नसते, दोन दिवस आधी निरोप ठेवा. शेजारच्या जीवधन किल्ल्याची चढाई या पैशांत नाही. वानरलिंगी सुळका लांबूनच दाखवतात.

डिसेंबरात पुन्हा जाणार आहे. त्याच मुलाबरोबर आजोबांच्या वाटेने घाट उतरायचा ठरलाय. आई खाली वैशाखऱ्यात थांबणार आहे.