आधी प्रतीक की आधी पात्र?
एडगर ॲलन पो यांच्या ‘द रेव्हन’ (१८४५) या कवितेचा अर्थ लावताना मी प्रतीकापासून सुरुवात करते. डोमकावळा एकच शब्द बोलतो: ‘नेव्हरमोर’, म्हणजे पुन्हा कधीच नाही. उत्तर ठाऊक असूनही निवेदक मरण पावलेल्या प्रेयसीबद्दल मुद्दाम दुखरे प्रश्न विचारत राहतो. म्हणून पक्षी म्हणजे नुसता मृत्यू नव्हे, न सुटणारी आठवण.

मोपासाँच्या ‘द नेकलेस’ (१८८४) या कथेत मात्र आधी पात्र. हार म्हणजे दिखाऊपणा, एवढं लिहून बरेचजण मोकळे होतात. माझ्याशी कथेची नायिका मातिल्द जास्त बोलते. उसना हार हरवल्याचं मैत्रिणीला न सांगता नवराबायको ३६,००० फ्रँकचा दुसरा देतात. मग १० वर्षं कर्जफेड. ती स्वतः भांडी घासते, बाजारात पैशापैशासाठी भांडते. लाज तिची, जिद्दही तिचीच. शेवटी मैत्रिणीला सगळं सांगताना ती अभिमानाने हसते. हार खोटा होता, हे त्या हसण्यानंतर कळतं.