सरकारी शाळा आतून कशी दिसते: मुलीचं सहावीचं वर्ष

आधी मत सांगून टाकते. माझी मुलगी सरकारी शाळेत सहावीला आहे, वर्ष संपत आलंय, आणि सातवी-आठवीही ती तिथेच करेल. शाळा चांगली आहे. मात्र ती चांगली आहे हे ज्या गोष्टींवरून पटलं, त्यातली जवळजवळ एकही प्रवेशाच्या दिवसांत आपसूक कळत नाही, मुद्दाम विचारावी लागते. म्हणून सविस्तर लिहितेय.

सहावी ते आठवीची शाळा बघायला निघालेल्या पालकांना दोनच गोष्टी ऐकायला मिळतात: निकाल किती लागला आणि इमारत कशी आहे. इमारतीचं लवकर उरकते. वर्गात उजेड हवा, शेवटच्या बाकावरून फळा दिसायला हवा आणि शिकवणाऱ्याचा आवाज तिथवर पोचायला हवा. एवढं असलं की रंगरंगोटीकडे बघायचं कारण नाही. निकालाबद्दल मात्र नीट बोलायला हवं, कारण पालकांची सर्वांत जास्त दिशाभूल तिथे होते.

निकालाच्या आकड्यात शाळेची मेहनत आणि घरची पुण्याई अशी मिसळलेली असते की वेगळी काढता येत नाही. जेम्स कोलमन यांनी १९६६ साली अमेरिकेतल्या सहा लाखांच्या आसपास विद्यार्थ्यांची पाहणी करून अहवाल दिला. मुलांच्या गुणांमधला फरक शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त जुळतो, हे त्यातून पुढे आलं आणि त्यावर मोठा वाद झाला. शिकल्यासवरलेल्या घरांतली मुलं जिथे जास्त येतात तिथला निकाल चांगला दिसणारच. ज्या सरकारी शाळेत अनेक मुलांच्या घरी अभ्यास घेणारं कुणी नसतं, तिथला साधारण दिसणारा निकाल कदाचित कितीतरी जास्त कष्टांचा असतो. बाहेरून आकडा तेवढा दिसतो, कष्ट दिसत नाहीत.

शिवाय आकडा लहरी असतो. वर्गात २० मुलं असली तर एका मुलामुळे ५ टक्क्यांचा फरक पडतो. दोघं परीक्षेच्या वेळी तापाने पडली की शाळा खाली घसरली असं म्हणायला लोक मोकळे. टॉमस केन आणि डग्लस स्टायगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ साली दाखवलं होतं की लहान शाळांचे निकाल वर्षागणिक असे हेलकावे खातात, आणि म्हणूनच यादीच्या अगदी वरच्या आणि अगदी खालच्या टोकाला त्याच जास्त सापडतात. एका वर्षाच्या निकालावरून शाळा ठरवू नये. किमान तीन-चार वर्षांचे आकडे शेजारी ठेवून बघावेत.

आणि जिथे आकड्यावर बढती, बक्षीस किंवा शिक्षा ठरते, तिथे त्या आकड्याकडे जास्तच सावधपणे बघावं. डोनाल्ड कॅम्बेल या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात हे सांगून ठेवलंय: एखाद्या मापावर निर्णय जितके जास्त अवलंबून, तितकं ते माप भ्रष्ट होण्याचा दबाव जास्त. अटलांटा शहरात नेमकं हेच झालं. २०११च्या सरकारी चौकशीत ४४ शाळांमधले १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापक गुणांच्या गैरप्रकारात गुंतल्याचं आढळलं. मुलांच्या उत्तरपत्रिकांवरची चुकीची उत्तरं खोडून बरोबर केली जात होती. त्या मुलांना खरी मदत मिळायला हवी होती. कागदावर ती उत्तीर्ण झाल्यामुळे ती मिळालीच नाही. मला त्या प्रकरणातली सर्वांत वाईट गोष्ट ही वाटते.

म्हणून प्रवेशाच्या वेळी मुख्याध्यापिका बाईंना निकाल विचारून झाल्यावर मी पुढचा प्रश्न विचारला: पाचवीतून येणाऱ्या मुलांपैकी किती जणांना सलग वाचता येत नाही, आणि आठवी सोडताना त्यांचं काय झालेलं असतं? बाईंनी कपाटातून एक रजिस्टर काढलं. नावांच्या रकान्यावर पट्टी आडवी ठेवली, कारण मुलांची नावं मला दाखवायची नव्हती (ते मला फार आवडलं), आणि उरलेले रकाने दाखवले. प्रवेशाच्या वेळचं वाचन, पहिल्या सत्राअखेरचं, दुसऱ्या सत्राअखेरचं. काही ओळींत प्रगती स्पष्ट होती. दोन-तीन ओळींत वर्षभर तोच शेरा होता, आणि त्यासमोर पेन्सिलीने लिहिलेलं: 'डोळे तपासणे', 'घरी बोलणे', 'रोज तासापूर्वी वीस मिनिटं'. ज्या शाळेला आपल्याकडची मागे पडलेली मुलं नेमकी कोणती हे माहीत आहे आणि त्यासाठी आज काय करायचं हेही माहीत आहे, तिच्यावर मी विश्वास टाकते. त्याच प्रश्नाला दुसऱ्या एका शाळेत 'आमच्याकडे तशी मुलंच नाहीत' असं उत्तर मिळालं होतं. ती शाळा मी तिथेच सोडली.

यानंतरचं सगळं मुलगी तिथे जायला लागल्यावर हळूहळू उलगडत गेलं. सर्वांत जास्त सांगितलं वह्यांनी.

वही तपासणं म्हणजे पानाच्या शेवटी लाल सही असा एक समज पक्का बसलाय. वही पूर्ण, सही जागेवर, पालक खूश. मी मात्र चूक झालेलं पान शोधते. माझ्या मुलीने अपूर्णांकांची बेरीज करताना १/२ + १/३ = २/५ असं लिहिलं होतं: अंशात अंश मिळवला, छेदात छेद. ही चूक जगभरची मुलं करतात. गणिताच्या सरांनी त्यावर फुली मारली नव्हती. शेजारी लिहिलं होतं, '२/५ हे अर्ध्यापेक्षा मोठं की लहान?' खाली मुलीच्या अक्षरात 'लहान', मग एक रिकामी ओळ, आणि मग 'पण मिळवल्यावर कमी कसं होईल?' त्याखाली पट्टीचं चित्र, सहा भाग पाडलेले, तीन एका रंगात, दोन दुसऱ्या रंगात, आणि उत्तर ५/६. ते एक पान बघून मला सरांचं शिकवणं जेवढं कळलं तेवढं कुठल्याही प्रगतिपुस्तकाने कळलं नसतं.

रूथ बटलर यांनी १९८८ साली पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला एक प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. काही मुलांना कामावर फक्त गुण दिले, काहींना फक्त अभिप्राय, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा फक्त अभिप्राय मिळालेल्यांमध्ये दिसली. गुण आणि अभिप्राय दोन्ही दिले की मुलं गुण बघतात आणि अभिप्राय वाया जातो. आमच्या शाळेतही हे सगळ्या विषयांत पाळलं जातं असं नाही. इतिहासाच्या वहीत सह्याच सह्या आहेत, उत्तरं वर्गातल्या सगळ्यांची शब्दशः सारखी. मी पालकसभेत ते बोलले. अजून फरक पडलेला नाही.

म्हणून कुणी शाळा बघायला जाणार असेल तर वह्या मागाव्यात, आणि पहिल्या आलेल्या मुलाची वही दाखवली तर ती विनम्रपणे बाजूला ठेवून मधल्या बाकांवरच्या चार-पाच मागाव्यात. हुशार मुलांची वही सगळीकडे सुंदरच असते. शाळेचा कस मधल्या मुलाच्या वहीत लागतो.

आता तक्रार. विज्ञानाच्या शिक्षिका वर्षाच्या सुरुवातीलाच दीर्घ रजेवर गेल्या आणि त्यांच्या जागी वरून कुणी आलं नाही. सरकारी शाळेचं हे दुखणं शाळेच्या हातात नसतं हे मान्य, पण त्याचा फटका मुलांना बसतो हेही तितकंच खरं. अशा वेळी रिकाम्या तासाला काय होतं ते बघावं. आमच्याकडे मुख्याध्यापिका बाई स्वतः आठवड्यातले काही तास घेत होत्या, उरलेल्या तासांना मुलं गटाने धडा वाचून प्रश्न काढत. गोंधळ, नुसतं बसवून ठेवणं, फळ्यावरून उतरवून घेणं यांतलं काही नव्हतं. पण प्रयोग झाले नाहीत. प्रयोगशाळेला कुलूप होतं आणि चुंबक, भिंग, परीक्षानळ्या आतच राहिल्या. वाचून विज्ञान कळत नाही, आणि सहावीचं हे वर्ष मुलांना पुन्हा मिळणार नाही. शाळेच्या या वर्षातली सर्वांत मोठी उणीव मी हीच मानते. शिक्षक किती, त्यातली किती पदं भरलेली आणि एखादा शिक्षक नसला तर काय व्यवस्था, हे तीन प्रश्न प्रवेशाआधीच विचारावेत.

या वयाबद्दल थोडं. पाचवीपर्यंत बहुतेक ठिकाणी एकच शिक्षक मुलाला दिवसभर बघतो. सहावीपासून दर तासाला माणूस बदलतो. मुलं अकरा-बारा वर्षांची, शरीर बदलतंय, मैत्रिणीचा एक शब्द आईच्या दहा शब्दांपेक्षा जड होतोय, आणि नेमकं याच वेळी शाळेत त्यांना पूर्ण ओळखणारं मोठं माणूस कमी होतं. जॅकलीन एकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच वयाच्या शाळांचा अभ्यास करून म्हटलं होतं की मुलांना स्वतःचे निर्णय घ्यावेसे वाटू लागतात तेव्हाच या शाळा त्यांच्यावरचं नियंत्रण वाढवतात, आणि अभ्यासातला रस कमी होण्याचं एक कारण तिथे आहे. त्यामुळे माझ्यासाठी सहावीत वर्गशिक्षक कोण, याला फार महत्त्व आहे. मुलगी दोन दिवस गैरहजर राहिली तेव्हा तिसऱ्या दिवशी वर्गशिक्षिका बाईंचा फोन आला. चौकशीचा सूर होता, दटावणीचा नव्हता. पुढे एकदा त्यांनीच सांगितलं की ती हल्ली मधल्या सुट्टीत एकटी बसते. मला घरी त्याचा पत्ताही लागला नव्हता. गुण उत्तम होते, त्यामुळे प्रगतिपुस्तकातून ते कळलंही नसतं.

हजेरीचं म्हणाल तर वर्षातले १० टक्के किंवा त्याहून जास्त दिवस बुडणं ही अनेक ठिकाणी धोक्याची खूण मानतात. शाळेची सरासरी हजेरी विचारून फारसं काही कळत नाही. सरासरी ९३ टक्के असतानाही पाच-सहा मुलं जवळजवळ येतच नसतील. 'सारखी गैरहजर राहणारी किती, आणि त्यांच्याकडे कोण जातं?' हे विचारावं.

आणि स्वच्छतागृह. हे लाजून न विचारण्याची गोष्ट नाही, विशेषतः मुलींच्या पालकांनी. याच वर्षांत मुलींची पाळी सुरू होते. दाराला आतून कडी लागते का, पाणी शाळा सुटेपर्यंत असतं का, झाकणाचा डबा आहे का, आणि तासाच्या मध्येच जायची परवानगी कारण न सांगता मिळते का. दिवसभर पाणी न पिता बसणारी मुलगी गणितात काय लक्ष देणार? मी स्वतः आत जाऊन बघितलं, कुणी अडवलं नाही. कड्या दोन दारांना होत्या, तिसऱ्याची तुटलेली होती. पालकसभेत मांडल्यावर ती बसवली गेली. त्याच शाळेत इतिहासाच्या वह्यांचं काही हललं नाही हेही मी विसरलेले नाही, पण सांगितल्यावर काही गोष्टी बदलतात एवढं तरी दिसलं.

घरच्या परिस्थितीचा मुद्दा वर लिहिला, तो वाचून शाळेने काहीच फरक पडत नाही असा अर्थ कुणी काढू नये. मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी लंडनमधल्या १२ माध्यमिक शाळांचा अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध केला. येणारी मुलं कशी आहेत हे हिशेबात धरूनही त्या शाळांमध्ये वागणूक, हजेरी आणि परीक्षेतलं यश यांत ठळक फरक उरत होता. इमारतीचं वय किंवा आकार यांचा त्या फरकाशी फारसा संबंध नव्हता. तास वेळेवर सुरू होतो का, चांगल्या कामाची दखल घेतली जाते का, मुलांवर जबाबदारी सोपवली जाते का, शिक्षक एकमेकांशी ठरवून काम करतात का, अशा रोजच्या गोष्टींशी होता. या सगळ्या गोष्टी सरकारी शाळेत जास्तीचा पैसा न येताही होऊ शकतात.

जबाबदारीवरून आठवलं: ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली आमच्याकडे मुलांकडे असते. आठवड्याला पाळी बदलते, नोंदवही तीच मुलं लिहितात. काही पुस्तकं हरवली, ती यादी बाईंनी मुलांसमोर वाचली आणि किल्ली तरीही काढून घेतली नाही. माझ्या मुलीने या वर्षात पाठ्यपुस्तकाबाहेरचं जे वाचलं ते बहुतेक त्या कपाटातलं.

कुणाला ही शाळा सुचवेन? ज्यांना महिन्यातून एकदा तरी शाळेत जाऊन बोलायला जमेल त्यांना नक्की. ज्यांना ते जमणार नाही त्यांच्या मुलांकडेही इथे लक्ष दिलं जातं, हे त्या रजिस्टरमुळे मी खात्रीने सांगू शकते. विज्ञानाचा प्रश्न सुटेपर्यंत घरून थोडी भर घालावी लागेल. सातवी सुरू झाली की मी आधी दोन गोष्टी बघणार आहे: प्रयोगशाळेचं कुलूप निघालं का, आणि वाचनाच्या रजिस्टरमधल्या ज्या ओळी वर्षभर हलल्या नव्हत्या त्यांच्यासमोर आता काय लिहिलंय.