कॅल्शियमची गोळी: काही महिने घेतल्यावर

रजोनिवृत्तीनंतर हाडांची घनता तपासली, ती कमी निघाली आणि डॉक्टरांनी कॅल्शियम सुरू केलं. आता बरेच महिने झाले. ज्यांनी नुकतंच सुरू केलंय त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते.

सर्वात आधी वेष्टन नीट वाचा. माझ्या पहिल्या गोळीवर ठळक अक्षरांत ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मि.ग्रॅ.’ होतं आणि खाली बारीक अक्षरांत ‘एलिमेंटल कॅल्शियम ५०० मि.ग्रॅ.’. हिशोब धरायचा तो या बारीक अक्षरांतल्या आकड्याचा. कार्बोनेटमध्ये हे एलिमेंटल, म्हणजे निव्वळ कॅल्शियम ४० टक्के असतं, सायट्रेट या दुसऱ्या प्रकारात २१. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला दिवसाला साधारण १२०० मि.ग्रॅ. लागतं, पण ते जेवणातलं धरून! त्यामुळे आहारातून किती जातंय ते आधी मोजा, गोळी फक्त उरलेल्यासाठी. एका वेळी ५०० मि.ग्रॅ.पेक्षा जास्त घेतलं तर शोषणाचं प्रमाण घटतं, म्हणून मोठा डोस दोनदा विभागून घ्यावा.

कार्बोनेटची ती गोळी खडूसारखी कोरडी, घशात अडकल्यासारखी वाटायची. जेवणासोबतच घ्यावी लागते, कारण ती विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. मला पोट जड होऊन बद्धकोष्ठतेचा फार त्रास झाला. डॉक्टरांनी सायट्रेट दिलं आणि तो त्रास जवळजवळ गेला. सायट्रेट रिकाम्या पोटीही चालतं. आम्लपित्ताच्या गोळ्या नेहमी घेणाऱ्यांनी तर याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं. माझी थायरॉईडची गोळी सकाळी असते. तिच्यात आणि कॅल्शियममध्ये चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉईडचं औषध नीट शोषलं जात नाही. लोहाची गोळीही वेगळ्या वेळी घ्यावी.

फरक काय पडला? जाणवण्यासारखा काहीच नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नका. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेल्या एका टक्क्यावर स्नायूंचं आकुंचन, हृदयाचे ठोके, रक्त गोठणं अशी कामं चालतात, म्हणून रक्तातली पातळी शरीर अगदी काटेकोर सांभाळतं. ती घसरायला लागली की पॅराथायरॉईड ग्रंथींचं संप्रेरक हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणतं. म्हणजे वर्षानुवर्षं हाडं झिजत असली तरी रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. माझाही तसाच आला होता. तो रिपोर्ट दाखवून ‘मला कॅल्शियमची गरज नाही’ म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी हे पुन्हापुन्हा सांगते. हाडांतला बदल कळायला घनतेची चाचणीच लागते, आणि तीही वर्ष-दोन वर्षांनी.

ड जीवनसत्त्व कमी असेल तर आतड्यातून कॅल्शियम पुरेसं शोषलंच जात नाही. माझं कमी होतं, तेही सोबत सुरू केलं. मूतखडा होऊन गेला असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सुरू करू नका. जेवणातलं कॅल्शियम बंद करायची गरज सहसा नसते, गोळ्यांची गोष्ट वेगळी.

मी सायट्रेटच चालू ठेवणार आहे.