कोलेस्टेरॉलसाठी इसबगोल: काही महिने घेतल्यावर

पोट साफ होण्यासाठी इसबगोल आमच्याकडे आजोबांच्या काळापासून आहे. मी घेतोय ते कोलेस्टेरॉलसाठी. एलडीएल (म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल) १५२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) २१० आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात चरबी, ग्रेड १. डॉक्टर म्हणाले, गोळीचं नंतर बघू.

साधं भूसच आणलं. संत्र्याच्या चवीचं मिळतं, पण त्या पाकिटावर साखर पहिल्या नंबरला होती. फॅटी लिव्हरवाल्याने ते कशाला घ्यायचं? रोज साधारण १० ग्रॅम, दोन वेळा मिळून, जेवणाआधी. एवढ्यात विरघळणारे तंतू ७ ग्रॅमच्या आसपास असतात. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषधांवर देखरेख करणाऱ्या संस्थेने) १९९८ मध्ये हृदयविकाराचा धोका कमी होण्याच्या दाव्याला परवानगी दिली, ती याच प्रमाणावर.

ढवळलं की लगेच प्यायचं. मध्येच फोन घ्यायला गेलात तर पेल्यात खळ तयार. वरून आणखी पेलाभर पाणी हवंच, नाहीतर घशात अडकू शकतं. सुरुवातीला पोट गुबारायचं, मग अर्ध्या चमच्यापासून हळूहळू वाढवत नेलं.

नंतरच्या तपासणीत एलडीएल १३८. नऊ टक्के उतरलं, आणि साधारण पाच ते दहा टक्क्यांचीच अपेक्षा धरायची असते. काम करतो तो हा बुळबुळीतपणाच. आतड्यातली पित्ताम्लं (चरबी पचवायला यकृत बनवतं ती) त्यात अडकून बाहेर पडतात, नवी बनवायला यकृताला कोलेस्टेरॉल लागतं आणि ते रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. गव्हाच्या कोंड्याने हे साधत नाही, त्यातले बहुतेक तंतू विरघळतच नाहीत.

ट्रायग्लिसराइड मात्र २०४. ढिम्म! लिव्हरचा ग्रेडही तोच. 'इसबगोलाने यकृतातली चरबी धुऊन निघते' असे मेसेज पाठवणाऱ्या काकांना हा रिपोर्ट दाखवायचा आहे. ती चरबी नीट उतरायला वजन सात ते दहा टक्के कमी व्हावं लागतं. माझं दीड किलो गेलं, तेही बहुधा जेवणाआधीच पोट भरल्यासारखं वाटल्याने दोन घास कमी गेले म्हणून. गोड चहा आणि बिस्किटं तशीच चालू आहेत, त्यावर भुसाचा इलाज नाही.

इतर औषधांत आणि यात दोनेक तासांचं अंतर ठेवा. बायकोची थायरॉईडची गोळी पहाटे असते, म्हणून ती इसबगोल रात्रीच घेते. भूस मी चालूच ठेवणार आहे, एलडीएलपुरतं.